जिताडा ओळखावा कसा: खुणा, सारखे दिसणारे मासे आणि आढळक्षेत्र

कोकणात खाडीच्या माशांचा विषय निघाला की जिताड्याचे नाव पहिल्या दोन-तीन नावांत येतेच. रायगड, ठाणे आणि मुंबईच्या खाड्यांवर जिताडा, रत्नागिरीकडे काही ठिकाणी खजुरा आणि सिंधुदुर्गापासून गोव्यापर्यंत चोणक म्हणून ओळखला जाणारा हा मासा म्हणजेच बंगालमधील भेटकी, तमिळनाडूतील कोडुवा, केरळातील काळांची आणि ऑस्ट्रेलियातील बॅरामुंडी होय. व्यापारात त्याला एशियन सी बास म्हणतात आणि त्याचे शास्त्रीय नाव लेटिस कॅल्कॅरिफर असे आहे. मात्र ज्या माशाला इतकी नावे आहेत आणि ज्याला बाजारात चांगला भाव मिळतो, त्याच्या नावावर दुसरे मासेही खपतात. नवख्या माणसाला तर रावस, तांबोशी, घोळ आणि जिताडा हे चारही मासे टोपलीत शेजारी-शेजारी पडलेले असताना केवळ ‘मोठे, चंदेरी मासे’ एवढेच दिसतात.

मत्स्यशास्त्राचे नवे विद्यार्थी, खाडीकाठच्या जीवसृष्टीच्या नोंदी ठेवू लागलेले निसर्गप्रेमी, तळ्यात जिताडा सोडू इच्छिणारे शेतकरी आणि चोखंदळ खवय्ये अशा सर्वांना उपयोगी पडावे म्हणून हे मार्गदर्शन लिहीत आहे. माझा आग्रह एकच आहे: माशाचा रंग आणि आकारमान शेवटी पाहावे, त्याची ठेवण, पर आणि हाडे आधी पाहावीत, आणि मासा नेमका कोठे मिळाला हे विचारल्याशिवाय ओळख पूर्ण झाली असे मानू नये. रंग पाण्याप्रमाणे बदलतो आणि आकार वयाप्रमाणे वाढतो, पण परातील काट्यांची संख्या आणि कल्ल्याच्या झाकणाची घडण सहसा फसवत नाही.

पाहणीची तयारी

फार साधनांची गरज नाही. मोजपट्टी, पांढरा किंवा फिकट रंगाचा ट्रे, छोटी विजेरी, जाड हातमोजे आणि फोनचा कॅमेरा एवढे पुरते. हातमोजे मात्र टाळू नयेत, कारण जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात आणि जिवंत मासा हातात उसळला तर बोट सहज कापते. अनुभवी मच्छीमार हा मासा हाताळताना कल्ल्यापाशी किती जपून हात घालतात, ते पाहिले की हे पटते.

मासा उजवीकडून की डावीकडून पाहावा याचे बंधन नाही, परंतु छायाचित्रे तुलनेसाठी घ्यायची असतील तर तोंड नेहमी डावीकडे ठेवण्याचा प्रघात पाळावा. पर बोटांनी किंवा टाचणीने पसरून घ्यावेत, कारण मिटलेल्या परातील काटे मोजताना हमखास एखादा सुटतो.

पहिली पायरी: डोक्याची रेषा आणि शेपूट

मासा आडवा ठेवून नाकाच्या टोकापासून पाठीपर्यंतची वरची रेषा नजरेने पाहावी. जिताड्याचे तोंड टोकदार असते, डोळ्याच्या वर ही रेषा स्पष्टपणे आत दबते आणि पाठीवरच्या पराच्या अलीकडे पुन्हा उंच होते. डोके लहान व खाली दाबलेले आणि त्यामागे एकदम उभारलेली पाठ असा हा आकार आहे. मोठ्या माशांत हा खळगा अधिक ठळक दिसतो, लहान पिल्लांत तो सौम्य असतो. शरीर लांबट, भरीव आणि दोन्ही बाजूंनी चपटे असते, तर शेपटीच्या अलीकडचा भाग आखूड पण उंच आणि दणकट असतो.

त्यानंतर लगेच शेपूट पाहावी. जिताड्याची शेपूट गोलाकार असते, तिला खाच नसते आणि दोन टोकेही नसतात. बाजारातील निम्मा गोंधळ या एका खुणेने मिटतो, कारण रावसाची शेपूट खोल दुभंगलेली असते आणि तांबोशीची जवळजवळ सरळ कापल्यासारखी. मात्र गोल शेपूट गोबऱ्यालाही (इंग्रजीत ग्रूपर) असते, म्हणून येथेच थांबून निर्णय देऊ नये.

दुसरी पायरी: जबडा आणि डोळा

तोंड मोठे आणि किंचित तिरके असते, खालचा जबडा थोडा पुढे आलेला असतो. वरच्या जबड्याचे मागचे टोक कोठपर्यंत पोहोचते ते पाहावे: पूर्ण वाढलेल्या जिताड्यात ते डोळ्याच्या मागच्या कडेच्याही पलीकडे जाते. तोंड उघडून बोट फिरवल्यास दात मखमलीसारखे बारीक व दाट लागतात, सुळे नसतात. तांबोशीच्या जबड्यात पुढे सुळ्यांसारखे मोठे दात असल्यामुळे या दोघांतील फरक येथेच कळतो.

डोळ्याची एक खूण सांगण्यासारखी आहे. ताज्या किंवा जिवंत जिताड्याच्या डोळ्यावर अंधारात विजेरीचा झोत टाकला तर तो गुलाबी-सोनेरी चमकतो. गढूळ पाण्यात आणि रात्री शिकार करणाऱ्या या माशाच्या डोळ्यात प्रकाश परत फिरवणारा थर असतो, त्याची ती चमक असते. मासा शिळा झाला की डोळा पांढुरका होतो आणि ही खूण निरुपयोगी ठरते, त्यामुळे तिचा उपयोग पूरक पुरावा म्हणूनच करावा.

तिसरी पायरी: पर मोजणे

ही पायरी कंटाळवाणी वाटते, परंतु सर्वांत भरवशाची हीच आहे. जिताड्याच्या पाठीवरील परात पुढे 7 ते 9 कठीण काटे असतात, त्यांपैकी तिसरा काटा सर्वांत लांब असतो. त्यानंतर खोल खाच येते आणि मागे 10 किंवा 11 मऊ किरण, म्हणजे पराला आधार देणाऱ्या लवचिक काड्या, असतात. खाच इतकी खोल असते की घाईत पाहणाऱ्याला दोन वेगळे पर वाटतात, पण तळाशी ते जोडलेले असतात. पोटाखाली, गुदद्वारामागील परात 3 काटे आणि 7 किंवा 8 मऊ किरण असतात. हे 3 काटे नीट लक्षात ठेवावेत, कारण घोळ आणि त्याच्या कुळातील इतर माशांना या जागी केवळ 2 काटे असतात आणि त्यांच्या पाठीवरील मऊ किरणांची संख्या जिताड्याच्या दुपटीहून अधिक असते. एवढी मोजणी केली तर घोळ आणि जिताडा यांत गल्लत होण्याचे कारणच उरत नाही.

पाठीवरील आणि गुदद्वारामागील पराच्या बुडाशी खवल्यांचे आवरण असते, तेही पाहून घ्यावे. छातीचे पर आखूड आणि टोकाला गोल असतात. त्यांच्याखाली सुटे धागे लोंबत असतील तर तो मासा जिताडा नव्हे. तो रावस किंवा त्याच्या कुळातील मासा आहे.

चौथी पायरी: कल्ल्याचे झाकण

कल्ल्याच्या झाकणाच्या पुढे, गालाच्या मागील बाजूस, आणखी एक हाडाची पट्टी असते. तिची खालची कड जिताड्यात दातेरी असते आणि कोनाशी एक मजबूत काटा असतो. मुख्य झाकणावरही एक लहान काटा असून पार्श्वरेषा (कुशीवरून शेपटीकडे जाणारी रेघ) जेथून सुरू होते तेथे दातेरी पाळी असते. गालावरचा चिकट थर ओल्या फडक्याने पुसून, विजेरीचा उजेड बाजूने तिरपा टाकला म्हणजे हे दाते सावलीमुळे एकेक उठून दिसतात. समोरून टाकलेल्या उजेडात ते दिसत नाहीत.

या खुणेचे महत्त्व मासा आग्नेय आशियातून आलेला असल्यास वाढते. सामोपर्का वायगिएन्सिस हा याच कुळातील लहान मासा बंगालच्या उपसागराच्या पूर्व भागापासून ऑस्ट्रेलियापर्यंत आढळतो आणि तो जिताड्याच्या पिल्लासारखा दिसतो. त्याच्या या पट्टीची खालची कड मात्र गुळगुळीत असते आणि जबडाही डोळ्याच्या मागे जात नाही.

पाचवी पायरी: खवले, पार्श्वरेषा आणि शेवटी रंग

खवले मोठे आणि स्पर्शाला खरखरीत असतात. शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवल्यास खरखर स्पष्ट जाणवते. पार्श्वरेषा शेपटीच्या परावरही पुढे जाते. ही खूण घोळीच्या कुळातही असते, त्यामुळे केवळ तिच्यावर विसंबू नये.

आता रंग. समुद्राजवळच्या खाऱ्या पाण्यात वाढलेला जिताडा पाठीला हिरवट-करडा किंवा निळसर आणि कुशीला स्वच्छ चंदेरी असतो. गोड्या किंवा निमखाऱ्या, गढूळ पाण्यातला, विशेषतः तळ्यातला मासा काळपट-तपकिरी आणि सोनेरी झाक असलेला दिसतो. एकाच जातीचे हे दोन मासे शेजारी ठेवले तर अनेकजण त्यांना वेगळ्या जाती समजतात. मोठ्या जिताड्याच्या अंगावर ठिपके, पट्टे किंवा जाळी नसते. तशी नक्षी असेल तर गोबरा वा अन्य मासा असण्याचा संशय घ्यावा आणि पुन्हा काटे मोजावेत, कारण गोबऱ्याच्या पाठीवरील परात बहुधा 11 काटे असतात.

आकारमानाविषयी थोडक्यात. ही जात सुमारे 2 मीटर लांबी आणि 60 किलो वजनापर्यंत वाढू शकते, परंतु आपल्या बाजारात येणारे मासे बहुधा काही किलोंचेच असतात. म्हणून ‘हा फारच लहान आहे, जिताडा नसेल’ किंवा ‘एवढा मोठा जिताडा कसा असेल’ हे दोन्ही तर्क सोडून द्यावेत.

पिल्ले ओळखणे

तळ्यात मासे सोडणाऱ्यांसाठी ही सर्वांत महत्त्वाची बाब आहे. अलिबाग आणि पेणच्या खारपाट्यात, धरमतर खाडीच्या आसपासच्या गावांत, पावसाळ्यात खाडीतून व भरतीच्या पाण्यातून मिळणारी जिताड्याची पिल्ले घराजवळच्या तळ्यांत वाढवण्याची रीत फार जुनी आहे. या पिल्लांचे रूप मोठ्या माशासारखे मुळीच नसते. अंग गडद तपकिरी किंवा काळपट, त्यावर इतस्ततः फिकट डाग, आणि नाकापासून डोक्यावरून पाठीच्या परापर्यंत जाणारा एक पांढरट पट्टा अशी त्यांची ओळख आहे. पाण्यातील काटक्या व सडक्या पानांत लपण्यासाठी हा रंग उपयोगी पडतो. पिल्लू वाढत जाते तसा पट्टा विरतो आणि चंदेरी रंग येतो.

त्याच पाण्यात अंगावर कमानदार काळ्या रेघा असलेली लहान मासळी असते आणि तिलापियाची पिल्लेही असतात. पाठीच्या परातील खोल खाच, गोल शेपूट आणि डोक्यावरचा पांढरा पट्टा या तीन खुणा एकत्र दिसल्या तरच पिल्लू जिताड्याचे मानावे. पिल्ले ओळखून झाल्यावर आकाराप्रमाणे वेगळी करणे आवश्यक आहे, कारण जिताडा आपल्याच जातीची लहान पिल्ले गिळतो आणि लहान-मोठी एकत्र ठेवल्यास तळ्यात संख्या झपाट्याने घटते. नैसर्गिक पिल्लांवर भार टाकण्यापेक्षा उबवणी केंद्रातील बीज घेणे मला अधिक योग्य वाटते. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलकृषी संशोधन संस्थेने 1997 मध्ये या माशाचे बंदिस्त प्रजनन यशस्वी केले आणि तेव्हापासून असे बीज मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. बीज खात्रीच्या ठिकाणाहून आले तर ओळखीचा प्रश्नही आपोआप सुटतो.

आढळक्षेत्र: मासा कोठे असायला हवा

ओळख पटवताना ठिकाणाला मी पुराव्याइतकेच महत्त्व देतो. जिताड्याचे आढळक्षेत्र पश्चिमेला इराणच्या आखाताच्या पूर्व भागापासून सुरू होते, पाकिस्तान व भारताच्या किनाऱ्याने श्रीलंका आणि बंगालच्या उपसागराला वळसा घालते, आणि म्यानमार, थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया, फिलिपाइन्स व व्हिएतनाम यांवरून दक्षिण चीन आणि तैवानपर्यंत जाते. दक्षिणेला पापुआ न्यू गिनी आणि ऑस्ट्रेलियाचा उत्तर किनारा येतो. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ही जात नैसर्गिकरीत्या नाही. भारतात ती पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही किनाऱ्यांवर आहे, आणि सुंदरबन, चिलिका सरोवर तसेच कोकण-गोव्याच्या खाड्या ही तिची परिचित ठिकाणे आहेत.

या विस्तीर्ण पट्ट्यातही मासा सर्वत्र सारखा आढळत नाही. त्याला नदीमुख, कांदळवन, गढूळ व उथळ पाणी आणि भरती-ओहोटीची ये-जा हवी असते. खडकाळ, स्वच्छ पाण्याच्या किनाऱ्यावर किंवा दूर खोल समुद्रात पकडलेला म्हणून कोणी जिताडा दाखवला तर पुन्हा काटे मोजावेत. याउलट धरमतर, दाभोळ, विजयदुर्ग, तेरेखोल, मांडवी किंवा झुआरीच्या खाडीत, विशेषतः जेथे खारबंदिस्तीच्या (खारे पाणी अडवणाऱ्या बांधाच्या) उघाडीतून, म्हणजे दारातून, पाणी आत-बाहेर करते अशा जागी, तो मिळणे स्वाभाविक आहे. गोव्यातील खाजण (खाडीकाठच्या बांध घातलेल्या) जमिनींच्या मानशींपाशीही, म्हणजे पाण्याच्या दारांपाशीही, हेच चित्र असते.

यामागचे कारण त्याच्या जीवनक्रमात आहे. जिताडा वाढतो खाडीत, दलदलीत आणि नदीच्या गोड्या पाण्यातही, परंतु त्याची अंडी आणि अळ्या जगायला खारे पाणी लागते. म्हणून पक्व मासे विणीसाठी नदीमुखाकडे उतरतात, पावसाळ्याच्या सुमारास अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाशी जुळवून अंडी सोडतात, आणि भरतीच्या पाण्याबरोबर पिल्ले पुन्हा आतल्या उथळ भागात शिरतात. नदीवर बंधारा बांधला की वरच्या भागात त्याचे येणे थांबते, आणि जुन्या माणसांनी जेथे जिताडा पाहिल्याचे सांगितले तेथे आज तो का मिळत नाही याचे उत्तर अनेकदा त्या बंधाऱ्यातच असते.

आणखी एक गोष्ट नोंद ठेवणाऱ्याने जाणून घ्यावी. जिताडा आधी नर म्हणून, साधारण 3 ते 4 वर्षांच्या वयात, पक्व होतो आणि पुढे 6 ते 8 वर्षांच्या सुमारास त्यांतील बहुतेक मासे मादी बनतात. म्हणजे खाडीतले मोठे जिताडे बहुधा माद्या असतात आणि एक मोठी मादी लाखो अंडी देते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये लहान माशांप्रमाणेच फार मोठे बॅरामुंडी पकडण्यावरही मर्यादा आहे. आपल्याकडेही मोठ्या माशाची लांबी आणि त्यात गाभोळी होती की नाही हे लिहून ठेवले तर त्या खाडीतील साठ्याविषयी पुष्कळ कळू शकेल.

जवळच्या जाती: जेथे तज्ज्ञांनाही थांबावे लागते

या माशाचे वर्णन ब्लोख या जर्मन शास्त्रज्ञाने 1790 मध्ये केले आणि त्यानंतर जवळजवळ दोन शतके इंडो-पॅसिफिक भागातील असे सर्व मासे एकाच नावाखाली नोंदले गेले. जपानमधील मासा वेगळा असल्याचे 1984 मध्ये निश्चित झाले. त्याला तेथे आकामे म्हणतात आणि त्याचे शास्त्रीय नाव लेटिस जॅपोनिकस आहे. जपानच्या जुन्या नोंदी वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते. पुढे 2012 मध्ये आणखी दोन जाती वर्णिल्या गेल्या: पश्चिम श्रीलंकेतील लेटिस लकदिवा आणि पूर्व म्यानमारमधील लेटिस उविसारा. श्रीलंकेच्या जातीचे शरीर जिताड्यापेक्षा सडपातळ असते, आणि पाठीच्या परातील तिसऱ्या काट्याच्या बुडापासून पार्श्वरेषेपर्यंत खवल्यांच्या 5 ओळी असतात. म्यानमारच्या जातीत त्या 7 असतात, डोळा लहान असतो, आणि गुदद्वारामागील परातील तिसरा काटा दुसऱ्यापेक्षा आखूड असतो.

पश्चिम भारताच्या किनाऱ्यावरील मासा लेटिस कॅल्कॅरिफर म्हणूनच गणला जातो, त्यामुळे कोकणात नोंद करताना अडचण नाही. तरीही खवल्यांच्या त्या ओळी मोजण्याची आणि गुदद्वारामागील परातील दुसरा व तिसरा काटा मोजून लिहिण्याची सवय आरंभापासून लावावी असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. या दोन मोजमापांना पाच मिनिटे लागतात, आणि एखाद्या जातीची व्याप्ती किंवा सीमा ठरवताना अशाच नोंदी कामी येतात. एका देशातील बीज दुसऱ्या देशातील खाडीत सोडण्याविषयी सावधगिरी बाळगावी लागते, ती याच कारणाने.

परदेशी बाजारात आणि कापलेल्या तुकड्यांत

परदेशी राहणाऱ्या मराठी वाचकांना ‘सी बास’ या पाटीखाली निरनिराळे मासे भेटतात. युरोपातील सी बास सडपातळ असतो, त्याच्या पाठीवर दोन पूर्णपणे सुटे पर असतात आणि शेपूट दुभंगलेली असते. त्याचा प्रदेश नॉर्वेपासून सेनेगलपर्यंतचा अटलांटिक किनारा, भूमध्य समुद्र आणि काळा समुद्र हा आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील ब्लॅक सी बास आणि दक्षिण गोलार्धातील थंड, खोल पाण्यातला चिलियन सी बास हेही जिताड्याहून सर्वथा भिन्न आहेत. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरातून येणारा नाईल पर्च मात्र जिताड्याचा खरा भाऊबंद असून कापलेल्या स्थितीत दोघांत फरक करणे कठीण असते. ज्या देशांत जिताडा नैसर्गिकरीत्या नाही, तेथेही तो पिंजऱ्यांत आणि टाक्यांत वाढवला जातो, त्यामुळे दुकानात मिळालेला मासा हा आढळक्षेत्राचा पुरावा धरता येत नाही.

कातडी काढलेल्या पांढऱ्या तुकड्यावरून खात्रीने ओळख पटवण्याचा प्रयत्न करू नये. भेटकीच्या नावाने बासा हा दुसराच मासा विकला जाण्याचे प्रकार आपल्याकडे परिचित आहेत. शक्य असेल तेथे मासा अख्खा पाहून मगच कापून घ्यावा, निदान कातडी व खवले असलेला तुकडा मागावा. वाद निर्माण झालाच तर जनुकीय चाचणी हाच निर्णायक उपाय आहे.

नोंद कशी ठेवावी

प्रत्येक माशाची किमान चार छायाचित्रे घ्यावीत: मोजपट्टीसह पूर्ण बाजू, डोके व कल्ल्याचे झाकण, पसरलेला पाठीचा पर, आणि गुदद्वारामागील पर. सोबत तारीख, खाडीचे व गावाचे नाव, तिथी म्हणजे उधाण की भांग (मोठी भरती की लहान), भरती की ओहोटी, पकडण्याचे साधन (पाग किंवा डोल जाळे, अथवा गळ), आणि मासा खाडीतला की तळ्यातला हे लिहावे. यांतील शेवटची बाब नवखे बहुतेक वेळा विसरतात, आणि तीच नसल्यास ती नोंद आढळक्षेत्राच्या दृष्टीने वापरता येत नाही. लांबी दोन प्रकारे द्यावी: नाकापासून शेपटीच्या पराच्या बुडापर्यंत आणि नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत.

शंका राहिल्यास रत्नागिरीच्या शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालय किंवा मुंबईतील केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था येथील अभ्यासकांना छायाचित्रे आणि मोजमापे दाखवता येतात. मासा संशयास्पदच वाटला तर पराचा नखाएवढा तुकडा स्वच्छ कात्रीने कापून 95 टक्के इथेनॉल भरलेल्या लहान कुपीत ठेवावा, आणि कुपीच्या आत टाकायच्या चिठ्ठीवर माशाचा क्रमांक, ठिकाण व तारीख शिसपेन्सिलीने लिहावी, कारण पेनची शाई इथेनॉलमध्ये विरघळून जाते.